जवाच्या चोथ्यावरची शेगडी

कागलकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. सत्तरनंतरची गोष्ट ही, साल काही मला आठवत नाही. गोबरगॅस नुकता बसवला होता, पण गोठ्यात म्हशी दोनच. पाच-सहा भाकरी झाल्या की शेगडी विझायची आणि मी पुन्हा चुलीपुढं. धुरानं माझ्या डोळ्यांची अशी दशा झालेली की डॉक्टरांनी बजावलं होतं, चूल सोडा, नाहीतर दिसायचं बंद होईल.

जवळच बिअरचा एक लहानसा कारखाना होता. तिथला जवाचा चोथा लोक म्हशींना न्यायचे, उरलेला तिथंच कुजायचा. एक दिवस माझे धाकटे दीर बैलगाडीतनं दोन पिंपं भरून घेऊन आले.

"वैनी, ह्यो टाकीत घालूया. शेणावर गॅस हुतोय, मग ह्याच्यावर का न्हाय हुणार?"

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. गळ्यात माळ होती त्यांच्या. दारातनंच ओरडल्या, "दारूची घाण आणतोस व्हय रं माझ्या सैपाकात? त्या जाळावरचं मी खायाची न्हाय!"

"आत्ती, दारू तिकडंच ऱ्हायली की. ह्यो नुसता चोथा हाय."

"मग वास कशाचा येतोय, अत्तराचा?"

दिरांनी तर दोन्ही पिंपं एकदमच ओतली. झालं! दोन दिवसांत गॅस बंद. आंबूस वास, आणि गॅस भरला की वर उचललं जाणारं टाकीवरचं लोखंडी झाकण पार खाली बसलेलं. मी रडकुंडीला आले.

मग माझ्या मनात आलं, म्हशीनं धान्य जास्त खाल्लं की आपण काय करतो? खुराक तोडतो, खायचा सोडा पाजतो. टाकीला तसंच केलं. चोथा बंद, चुन्याची निवळी आणि रोजचा शेणकाला. आठवडाभरानं जरा जीव आल्यासारखं वाटलं, तेव्हा चोथा सुरू केला. दिवसाला एकच घमेलं.

आणि एका सकाळी बघते तर झाकण कधी नव्हे एवढं वर! चार गड्यांनी उचलून बसवलेलं ते लोखंड आतनं कोण उचलत होतं? मी हात लावला, पुन्हा लावला. आजही सांगताना अंगावर काटा येतो. फेकून दिलेल्या चोथ्यात एवढा जोर!

सगळ्या भाकरी झाल्या तरी जाळ निळाच. राहिली फक्त आत्तींची भाकरी. तेवढ्यासाठी मी चूल पेटवायला वाकले, तर त्या मागं उभ्या. कितीतरी वेळ शेगडीकडं बघत होत्या.

"धूर कुटं गेला गं?"

"न्हायच की, आत्ती."

त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "सर तिकडं. माझी भाकरी मीच टाकते ह्याच्यावर."