उंदरांचा अनुभव आणि सासूबाईंची लघवी

लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा प्रयोगशाळेत आहे. मी मनात पांढरा कोट घातलेला मोठा शास्त्रज्ञ रंगवला. कोट निघाला खरा, पण आमचे हे त्या कोटात उंदरांची लघवी मोजतात! जाळीच्या तळाचा पिंजरा, खाली नरसाळं, त्याखाली काचेची नळी. थेंब पडला की ह्यांचा चेहरा खुलतो. पाहुणे जेवायला बसलेले असताना तो विषय काढू नका म्हणून मी हजारदा हात जोडलेत. पण ऐकतील तर ते हे कसले!

त्यांच्या मॅडमचं संशोधन अफूच्या गोतावळ्यातल्या एका औषधावर आहे. ते टोचलं की उंदरांना धो धो लघवी होते. पण मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी जी ग्रंथी बसलेली असते, तिचा गाभा आधी काढून टाकला की त्याच औषधाने येणारा पूर बराच ओसरतो. म्हणजे औषधाचा हुकूम त्या ग्रंथीमार्फतही जातो, असं मॅडमचं म्हणणं. ऐकून ऐकून मला हे इतकं पाठ झालंय की झोपेतही सांगेन.

तर सासूबाई घरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी अफूच्याच जातीचं औषध सुरू केलं. ते कानावर पडताच ह्यांच्या अंगात आलं. "आता बघच तू, पूर येणार!" रबरी चादरी आणल्या, डायपरचा गठ्ठा आणला, वर आईला तंबी दिली, "आई, पाणी बेतानं पी गं." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही ग्रंथीचं पुराण ऐकवलं. त्या बिचाऱ्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आणि पुराचं सोडा, एक थेंब नाही! सकाळ गेली, दुपार झाली, सासूबाईंचं ओटीपोट टम्म फुगलं. नर्स म्हणाली, "संध्याकाळपर्यंत झाली नाही तर नळी घालावी लागेल." सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या थोरल्या बहिणीला शेवटच्या आजारात अशीच नळी घातली होती आणि त्या काही घरी परतल्या नाहीत. नळीमुळे नव्हे, पण भीतीला कोण समजावणार? "मला काहीही करा, पण नळी नको," म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला.

ह्यांनी मॅडमना फोन लावला. बोलता बोलता ह्यांचे कान लाल झाले. उंदरांचं औषध वेगळं, आईचं वेगळं. एकाच घरातले भाऊ, पण स्वभाव उलटे. आईच्या औषधाने मूत्राशय सुस्तावतं. भरतं, पण सोडत नाही.

"आणि मी शहाणा तिचं पाणी तोडत बसलो," हे पुटपुटले.

"शहाणपण पुरे," मी म्हटलं. "आडवं पडून भांड्यात कशी होईल त्यांना? तुम्हाला झाली असती?"

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी औषध कमी केलं आणि उठवून बसवायला परवानगी दिली. नर्सने आणि मी धरून सासूबाईंना कमोडच्या खुर्चीवर बसवलं, पडदा ओढला, बेसिनचा नळ बारीक सोडला. काही नाही. तेवढ्यात पडद्याखालून सासूबाईंना ह्यांच्या चपला दिसल्या.

"अरे मेल्या, तिथे उभा राहून काय ऐकतोयस? मी काय तुझा उंदीर आहे? चालता हो!"

चपला निमूटपणे जिन्याकडे गेल्या. थोडा वेळ नळाचाच आवाज येत राहिला. मग त्यात दुसरा आवाज मिसळला आणि थांबेचना. सासूबाईंनी डोळे मिटले. "सुटले गं बाई," एवढंच म्हणाल्या.

मी जिन्याकडे धावले. हे पायरीवर डोकं धरून बसले होते. "झाली," मी म्हटलं, आणि हा एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

नर्स भांडं घेऊन बाहेर आली. ह्यांची ख्याती एव्हाना वॉर्डभर पसरलेलीच होती. "काका, तुम्ही तर यातले तज्ज्ञ. बघा बरं, किती झाली?"

हे भांड्यावर वाकले, बाहीने डोळे पुसले, पुन्हा वाकले.

"पुष्कळ," ते म्हणाले. "पुष्कळ झाली हो, सिस्टर."