चार माणसांची बॅटरी

परवा भर दुपारी, मुलुंडमध्ये, आमच्या नव्या बॅटरीची परीक्षा झाली... पेपर सासूबाईंनी काढला.

आधी थोडं मागचं सांगते. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तिचा टॉवर झाला आणि माझ्या नवऱ्याने, सुहासने, घरात सेंट्रल एसी बसवला. म्हणजे छतातून गार हवा येते, कुठून येते ते दिसत नाही... श्रीमंती अशीच असते म्हणे.

मग आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, घाम येता कामा नये, टाके कोरडे राहिले पाहिजेत. चिघळले तर पुन्हा ॲडमिट.

नेमका तेव्हाच खालचा रस्ता खोदायला घेतला, आणि खोदणाऱ्यांना दर दोन दिवसांनी आमची केबल सापडू लागली. टॉवरचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याचा पंप सांभाळतो. माणसांनी आपापलं बघायचं.

बॅटरीवाले देसाई म्हणाले, आईंच्या खोलीत साधा स्प्लिट एसी लावा, छोटी बॅटरी पुरेल. लग्नाच्या पंगतीत बिस्किटं वाटा म्हटल्यासारखा सुहासचा चेहरा झाला. त्याला सेंट्रलच चालवायचा होता.

मग देसाईंनी हिशोब मांडला. कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका देतो, तो बॅटरीला पेलला पाहिजे. पुढे ती किती वेळ टिकेल, ते घर किती तापतं त्यावर. दरवाजा बंद राहील ना? राहील. माणसं किती?

"चार," सुहास म्हणाला.

प्रत्येक माणूस म्हणजे एक छोटा हीटरच असतो, असं देसाईंनी समजावलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, मला हे नवीन नव्हतं...

तर परवा लाइट गेली आणि एसी चालूच राहिला. मुलगी बोर्डात पहिली आल्यासारखा सुहास हॉलच्या मधोमध उभा. तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. फोनवर होत्या. पलीकडे समोरच्या कांबळेकाकू, जुन्या बिल्डिंगपासूनच्या मैत्रीण.

"मंगल, तिकडे काय उकडत बसलीयेस? ये ना गं इकडे. आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही सांग."

काकू आल्या. वरचा मजला आला. त्याच्या वरच्या मजल्यालाही कुणीतरी सांगितलं असावं. दरवाजा बंद करावा तर पुन्हा बेल... शेवटी कुणीतरी त्याला चप्पल अडकवून तो उघडाच ठेवला.

सुहास मोबाइलमध्ये बॅटरीचे टक्के बघत होता. ते उतरत होते आणि त्याचा घाम चढत होता. शेवटी तो आईंच्या कानाशी गेला. "आई, अगं डॉक्टर काय म्हणालेत..."

"गार राहा म्हणालेत. एकटी राहा नाही म्हणाले."

थोड्याच वेळात छतातली हवा थांबली. लाइट आलेली नव्हतीच. देसाईंच्या हिशोबाने बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची होती, ती चहाच्याही आधी संपली. आईंच्या कपाळावर घाम दिसला आणि पहिल्यांदा मलाही भीती वाटली.

पण आलेल्या बायकांना सांगायला लागलं नाही. दोघींनी खिडक्या उघडल्या. एकीने गॅलरीत ओली चादर टांगली. कांबळेकाकूंनी टीपॉयवरचा बॅटरीचा गुळगुळीत, जाडजूड कॅटलॉग उचलला आणि आईंना वारा घालायला बसल्या. हात दुखला की दुसरी. मग तिसरी. मध्ये गप्पा, आणि कुणाच्या तरी सुनेची यथेच्छ निंदा... ती मी नव्हते, एवढं तपासून घेतलं.

बॅटरीपेक्षा कॅटलॉग जास्त वेळ चालला.

दिवेलागणीला लाइट आली. ड्रेसिंग उघडून बघितलं, टाके कोरडे होते. काकू कॅटलॉग जागेवर ठेवून, मनगट चोळत घरी गेल्या. आभार मानायचं कुणाला सुचलं नाही... म्हणून इथे मानते.

काल सुहासने देसाईंना फोन केला, क्षमता वाढवायची म्हणून. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, घरात माणसं किती?

सुहासने फोन आईंच्या हातात दिला.