घागर भरेपर्यंतचं भाषण

आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा सगळ्या बायका नळावर असतात. समोरच्या अक्कांचा मुलगा नगरसेवक झाला तेव्हा लोकांना भेटायला त्याने हीच वेळ धरली. पण तो फार लांबण लावायचा. एकदा मी सरळ सांगितलं, "भावजी, माझी घागर भरेपर्यंत बोला. भरली की मी चालले."

त्याने ते मनावर घेतलं. घागर नळाखाली गेली की सुरू करायचा आणि काठाशी पाणी येईस्तोवर संपवायचा. आमदार झाल्यावर सभांमध्येही तो तसाच थोडक्यात बोलायचा. म्हणून त्याचं बोलणं लोकांच्या लक्षात राहायचं.

यंदा तो खासदार झाला. संसदेत पहिल्यांदा बोलण्याच्या आदल्या दिवशी दिल्लीहून फोन आला.

"वहिनी, आज पाण्याचा दिवस ना? घागर लावा की."

"दिल्लीला जाऊनबी घागरच?"

"हितं वेळ संपली की माइक बंद करतात. नव्या पाइपलाइनला पैसे मागायचेत. ते राहिलं तर गल्लीत कुठल्या तोंडानं येऊ?"

मिळणारा वेळ किती ते मी विचारून घेतलं आणि घड्याळ लावून पाहिलं. आमच्या नळाची धार बारीक. हिशेब जवळजवळ जुळत होता. फोन स्पीकरवर टाकला. अक्काही येऊन उभ्या राहिल्या. त्याने अध्यक्षांना नमस्कार केला, मतदारांचे आभार मानले, मग बंद पडलेल्या गिरण्यांवर आला. घागर वाहू लागली तरी पाइपलाइनचा पत्ता नव्हता.

"आरं, पाणी मोरीत चाललंय, तू अजून नमस्कारच करायलास," अक्का म्हणाल्या.

"नमस्कार न्हाय आई, आभार हायत."

"मग तर लईच झालं."

मी म्हटलं, "पाइपलाइन आधी घ्या. आभार शेवटी, वेळ उरला तर." दुसरी घागर लावली. या खेपेला ती गळ्यापर्यंत आली तेव्हा त्याचं सगळं बोलून झालं होतं, आभारांसकट.

दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली आमच्या टीव्हीसमोर होती. त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने पहिल्याच वाक्यात पाइपलाइन घेतली. सभागृहात गोंगाट झाला, ते वाक्य त्याला पुन्हा म्हणावं लागलं. माझी नजर घड्याळावर गेली. पण तो घाबरला नाही. पाणी नसलेल्या दिवसांत आमच्या बायका काय करतात ते त्याने जसंच्या तसं सांगितलं आणि निधीची मागणी स्पष्ट शब्दांत केली. मग "माझ्या गल्लीतल्या..." एवढं म्हणाला, आणि माइक बंद झाला. ओठ तेवढे हलताना दिसले.

"आभार राहिले की त्याचे," अक्का हळूच म्हणाल्या.

"राहू देत. पाण्याचं सगळं बोलून झालं."

त्या उठल्या आणि घर माझं असूनही सगळ्यांसाठी चहा टाकायला स्वतःच आत गेल्या.