क्वार्टरीतला खिळा

सुमनअक्का कुठल्याबी पडक्या घरात शिरायच्या आधी उंबऱ्यात चप्पल काढायची आन् मोठ्यानं म्हणायची, "मी आलीय. जरा सरका." यष्टीत जागा मागत्यात तसं. आत माणूस नसायचंच, वटवाघळं असायची. ती सरकायची बी.

अक्का आमच्या अंगणवाडीची बाई. कळंबच्या पुढं, कालव्याच्या कडंला आमची वस्ती. अंगणवाडी भरायची देवळाम्होरच्या पत्र्याखाली. पत्रा तापला की पोरं पापडावानी भाजून निघायची. म्हणून अक्का खोली हुडकत फिरायची. बंद गुऱ्हाळ बघितलं, मोटारीची जुनी खोली बघितली. जिथं लोकं भरदुपारी बी जात न्हायत, तिथं ही बया खराटा घिऊन हजर. मी इचारलं, भ्या वाटत न्हाय का?

"वाटतंय की," म्हणली. "पर भ्या माझं हाय. त्यात खोलीचा काय दोष?"

शेवटी तिला कालव्याच्या बाबूंची रिकामी क्वार्टर पसंत पडली. दोन खोल्या, वर स्लॅब, म्होरं कडूलिंबाचं झाड. अर्ज करून करून तिनं ती मिळवली. अडचण एकच हुती. त्या क्वार्टरीत भूत हुतं. आन् ते मी ठिवलेलं हुतं.

माझं फाट्याव पंक्चरचं दुकान. शाळा दुसरीतच सुटली, तोंड तेवढं चालतंय. त्याच्या चार वर्सं आधी मी दुकानात सांगितलं की क्वार्टरीतल्या भुतानं माझा सदरा मागनं धरला, फाडला, मी मर्द म्हणून सुटलो. पुरावा म्हणून पाठ दावली. सांच्यापातूर माझं भूत शेळगावला पोचलं. तवापासनं बायांनी तिकडं शेरडं चारायला न्यायचं बी बंद केलं.

अक्कानं क्वार्टर झाडली, चुना दिला, भिंतीव मोर काढला. पोरं येईनात. माझी चिंगी तीन वर्सांची, पर माझीच बायको मंगल तिला पाठवीना. रोज सकाळी कोणतरी दारात उतारा ठिवायचं, दहीभात आन् लिंबू. भात कुत्री खायची. लिंबू अक्का उचलायची. एकदा मी दुपारचा गेलो तर तिनं सरबत दिलं. निम्मं प्यालो तवा म्हणली, उताऱ्यातल्या लिंबाचं हाय. मला गिळवंना आन् थुकवंना.

"गीळ," म्हणली. "साखर घातलीया."

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. सोमवारी सुपरवायझरबाई येणार हुत्या. पोरं बसलेली दिसली तर क्वार्टर आमची, न्हायतर कालव्याचं खातं ती परत घेणार आन् पोरं परत पत्र्याखाली. मी बी लई हळहळलो आन् उठलो. अक्कानं दाराच्या चौकटीकडं बोट केलं. तिथं एक खिळा हुता. खिळ्याला चिंधी हुती. जांभळ्यावर पिवळी फुलं. माझ्या लग्नातला सदरा. अख्ख्या इंदापूर तालुक्यात तसला सदरा घालायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नसतं.

"नामदेवा, तू आत कशाला आलतास?"

सांगावं लागलं. आत तांब्याचा बंब राहिलाय असं ऐकलं हुतं. त्यो उचलायला गेलतो. बंब न्हवताच. परत फिरलो तर सदरा आडकला. मागं न बघताच हात जोडलं, म्हणलं सोड रं देवा, घरी दोन लेकरं हायत. तवा माझ्या लग्नाला महिना झालता.

अक्का हसली न्हाय. चिंधी काढून माझ्या हातात दिली. "मी कुणाला सांगायची न्हाय. भूत तुझं हाय. तूच आणलंस, तूच ने."

रईवारी सकाळी पाण्याच्या टाकीव सगळ्या बाया जमल्या हुत्या. मी त्योच फाटका सदरा घालून गेलो, पाठीव चिंधी लावून दावली आन् बंबापासनं सगळं सांगितलं. दोन लेकरं बी सांगितली. मग म्हातारी सोनामावशी म्हणली, "म्हंजी भूत न्हाय, चोर हुता."

"चोर बी न्हाय मावशी. घावलं कुठं काय?"

हसून हसून एकीचा हंडा सांडला. मंगल तेवढी हसली न्हाय. हंडा उचलून घरला गेली. मी त्या दिवशी दुकानातच जेवलो. म्हंजी जेवलो न्हाय.

सोमवारी धा वाजलं तरी क्वार्टर रिकामीच. अक्का मोराखाली एकटीच बसलेली, म्होरं सतरंजी हातरलेली. मी झाडाखाली उभा, आत जायचं तोंड न्हवतं. तेवढ्यात कालव्याच्या कडंनं मंगल आली, चिंगीच्या हाताला धरून. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. अक्काला म्हणली, "ह्या माणसासंगं मी चार वर्सं ऱ्हातीया. भुताचं मला काय सांगता?" आन् पोरगी सतरंजीव बसवली. तिच्या मागनं सोनामावशी नातवाला घिऊन आली. सुपरवायझरबाई येस्तवर सतरंजी पुरंना.

मग अक्का रोज आपली पिशवी त्याच खिळ्याला अडकवायची, माझ्या देखत. गेल्या साली रिटायर झाली, बारामतीला लेकीकडं गेली. जायच्या दिवशी पिशवी काढली, तवा मी पक्कड घिऊन खिळा उपसायला गेलो.

"राहू दे," म्हणली. "तुझा हाय त्यो."

आता रोज दुपारी पाण्याचा जार मीच पोचवतो. उंबऱ्यात आजून बी छातीत धडधडतंय, खोटं कशाला बोलू. मग चप्पल काढतो आन् मोठ्यानं म्हणतो, "मी आलोय. जरा सरका."

आन् आतली पोरं सरकत्यात.