झोळीवर पडलेलं खारं पाणी

भानामतीच्या गोष्टी आमच्या भागात पैशाला पासरी. मी एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही, उलट सांगणाऱ्याची टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण गोष्ट माझ्या लेकराची आहे, म्हणून लिहिते.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं. माझे पती चुडावा स्टेशनवर क्लार्क होते. गावात माळवदाचं दोन खणांचं भाड्याचं घर – आम्ही दोघं, सासूबाई आणि चार महिन्यांचं बाळ. आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. हे तिसरं झोपलं तरी मी घटकेघटकेला त्याच्या नाकाशी बोट धरून बघायचे.

त्यात यांना मासा पाळायची हौस! गोदावरी समुद्राला मिळते तिकडचे एक तेलुगू गार्ड होते, त्यांनी घागरीतून आणून दिलेला. वीतभर लांब, अंगावर काळे पट्टे. काचेच्या पेटीत पाण्याखालून नेम धरायचा, तोंडानं पिचकारी मारून वरची माशी पाडायचा आणि गट्ट करायचा. त्याला मचूळ पाणी लागतं म्हणून हे पाण्यात मीठ घालायचे. आता आम्ही लिंगायत, आणि घरात हा शिकारी... सासूबाईंनी त्याला भिजवलेली डाळ टाकून पाहिली, त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मग त्यांनीच निवाडा दिला – माशी त्यानं मारली तर पाप त्याचं, आपण हातानं मारून घालायची नाही.

पण ते मीठ काही त्यांना बघवेना. मुक्या जिवाचे हाल कशाला, म्हणून एका सोमवारी लिंगपूजा उरकल्यावर त्यांनी पेटी पार उपसली, धुतली आणि विहिरीचं गोडं पाणी भरलं. करायला गेल्या पुण्य! संध्याकाळी मासा तळाशी आडवा. घरातलं मीठ संपलेलं, बाजार गुरुवारी. मांजराच्या भीतीनं सासूबाईंनी पेटीवर फळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ तुळईला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. मी ज्वारी निवडत होते. ते एकदम दचकून रडायला लागलं. जाऊन बघते तर टोपडं चिंब, दुपटं मात्र कोरडं ठणठणीत. टोपडं बदलायला मी त्याला उचलून ओसरीवर आणलं आणि मागे धाडकन आवाज झाला. तुळई मोडून अर्धं माळवद झोळीवर आलं होतं. वाळवीनं ती आतून पोखरली होती, हे नंतर कळलं.

हे स्टेशनवरून धावत आले. टोपड्याचं ऐकून म्हणाले, "घाम असंल, माय. ऊन लय हाय."

सासूबाईंनी टोपडं पिळून दाखवलं. थेंब टपकले. मग बोट जिभेला लावून त्या म्हणाल्या, "खारं हाय. माशाच्या पाण्यावानी."

पेटी झोळीपासून दहा हात लांब. मासा तसाच आडवा. यांनी फळी उचलून खालून हात फिरवला – कोरडी. पेटीतलं पाणी चाखलं – गोडं. मग टोपडं चाखलं – खारंच. कशालाही पुरावा मागणारा हा माणूस मातीतच फतकल मारून बसला.

गुरुवारी मीठ आलं. मासा हळूहळू सरळ झाला, पुढे वर्षभर जगला. त्या दुपारी ते पाणी कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. पुष्कळांना विचारून झालं, आता विचारायचंही सोडलंय.

त्या दिवशी माळवद पडल्यावर बाळ मात्र भुकेनं ओरडत होतं. मी ओसरीवरच त्याला पदराखाली घेतलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं आणि मला एवढं मोठ्यानं रडू फुटलं की शेजारच्या बायका गोळा झाल्या. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडून घे, पोरी. लेकरू मांडीवर हाय. आता रडलं तरी चालतंय."