आमच्या घराण्याचा हातगुण

माझ्या आत्याचे हात सगळ्या शहराने पाहिले होते, तोंड मात्र फार थोड्यांनी. बसस्थानकावर पास देण्याच्या खिडकीत ती सव्वीस वर्षं बसली. खिडकीच्या काचेवर वेळापत्रकं, सूचना आणि रद्द झालेल्या सूचना इतक्या चिकटवलेल्या, की लोकांना दिसायचे ते फक्त खालच्या भोकातून बाहेर येणारे दोन हात. आणि ते हात एकदा पाहिले की विसरायची सोय नव्हती. तळवे स्वच्छ; पण हातांच्या पाठीवर, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत, तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची नुसती गर्दी. डेपोत तिला सगळे ‘चितळ’ म्हणत. मागून म्हणत, कारण चितळाला शिंगं असतात हे तिने एकदोघांना पटवून दिलं होतं.

असेच ठिपके माझ्या वडिलांच्या हातांवर आणि त्याआधी आजोबांच्या. आजोबा पाण्याचे पंप विकत गावोगाव फिरायचे. ते सांगायचे, एका कारखान्यात अंगावर कसलंसं जळजळीत रसायन उडालं, त्याचे हे डाग. मग ते रसायन आत्याच्या आणि वडिलांच्या हातांवर कसं उडालं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. माझ्या वडिलांना या हातांची भारी लाज. प्रत्येक फोटोत त्यांचे हात पाठीमागे, नुकतीच अटक झाल्यासारखे.

एका सद्गृहस्थाने लेखी तक्रार केली, की या बाईंच्या हातून पास घेतल्यापासून मला खाज सुटते. आगारप्रमुखांनी आत्याला बोलावून हातमोजे पुढे केले.

“हे घालून सुटे कसे उचलू? तुम्ही उचलून दाखवा,” आत्या म्हणाली.

त्यांनी प्रयत्न केला. नाणं टेबलाखाली गेलं.

“मग संसर्ग नाही असं डॉक्टरांचं पत्र आणा,” ते टेबलाखालूनच म्हणाले.

सोबतीला मी गेलो. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की आत्या मला म्हणाली, “बघ, आपलं काहीतरी दुर्मीळ आहे.” बाईंनी सहा विद्यार्थी गोळा केले. सहाही जण हातांवर ओणवे झाले. एकाने “जरा पाय बघू का?” असं विचारलं, तेव्हा आत्याने पायही दाखवले, तिथेही ठिपके होतेच. शेवटी रक्त घेतलं.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. प्रत्येक पेशीत जनुकांचं मूळ पुस्तक असतं. काम करायला त्याची नक्कल काढतात, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेतली काही अक्षरं बदलणारं एक एन्झाइम शरीरात असतं, आणि ते बनवायचा हुकूम ज्या जनुकात लिहिलाय, त्याचं नाव एडार. त्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. आत्याची वडिलांकडची प्रत एका अक्षराने चुकली होती.

“म्हणजे दुरुस्ती खात्यात अर्धाच स्टाफ,” आत्या म्हणाली. “आमच्या डेपोसारखं.”

“तसंच समजा. पण त्याचे हे असे ठिपकेच का उमटतात, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. त्रास काही नाही, कुणाला लागण तर अजिबात नाही. मुलांत उतरायची शक्यता मात्र निम्मी.”

पत्र मिळालं. आत्याने ते काचेवरच्या गर्दीत चिकटवून टाकलं. सद्गृहस्थांची खाज त्यांच्या घड्याळाच्या नव्या पट्ट्याची निघाली. क्षमा मागायला कुणी आलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

गोष्ट इथे संपायची. पण महिन्याभरात एका प्रवाशाने रागाच्या भरात खिडकीवर छत्रीची मूठ हाणली आणि काच तडकली. काचा बसवणारा आला. चाळिशी उलटलेला, तोंडात पेन्सिल. त्याने जुनी काच कागदांसकट उतरवली, नवी कोरी काच चौकटीत उभी केली आणि म्हणाला, “बाई, आतून जरा धरा.”

आत्याने आतून दोन्ही हात टेकवले. बाहेरून त्याने टेकवले. मध्ये स्वच्छ काच, आणि चार हात सारखे. तोच तपकिरी, तोच पांढरा, बोटांच्या पेरांवर तसेच दाट.

“कुठून आणलेत हे?” आत्याने विचारलं.

“काच?”

“हात!”

तो हसला. “वडिलांकडून. दुसरं काही दिलं नाही त्यांनी.”

“काय करायचे?”

“पंप विकायचे. फिरतीवर असायचे. मी नऊ वर्षांचा असताना फिरतीवर गेले ते गेलेच.”

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत्याने रांग उभी असताना खिडकी बंद केली. दोघं स्थानकाच्या कँटीनमध्ये तासभर बसले. आगारप्रमुख दोनदा येऊन बघून गेले, बोलायची हिंमत झाली नाही.

काचवाल्यानेही रक्त दिलं. डॉक्टरीणबाई दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाल्या, “एवढ्या लांबलचक जनुकात नेमक्या त्याच अक्षराला तीच चूक. योगायोगही असेल. पण मी पैज लावणार नाही.”

मग ते कागद घेऊन आत्या आमच्याकडे आली. आजी खाटेवर बसून मटार सोलत होती, वडील पेपर वाचत होते. आत्याने सगळं सांगितलं. वडिलांनी पेपर खाली आपटला.

“काहीतरीच! आपले बाबा देवमाणूस होते!”

“देवांनाही दोन-दोन बायका असतात,” आजी शेंगेवरची नजर न काढता म्हणाली.



“आई, तुला माहीत होतं?” आत्याने विचारलं.

“ते हात कुठे कुठे फिरतात, मला कळत नव्हतं होय? आता कागदावर आलं, एवढंच.” तिने दोन शेंगा आणखी सोलल्या. तिसरी मात्र हातातच राहिली. “त्याची आई आहे का?”

“गेली. दहा वर्षं झाली.”

“मग जेवणाचं काय करतो तो?”

पुढच्या रविवारी काचवाला जेवायला आला. वडील आतल्या खोलीत दार लावून बसले. आजीने पाहुण्याला समोर बसवलं, त्याचा हात उलटा करून बराच वेळ पाहिला, आणि त्यावर फाडकन एक चापट मारली.

“ही तुझ्या बापाची. त्याची राहून गेली होती. आता वाढ गं याला.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. जेवण अर्ध्यावर आल्यावर वडील बाहेर आले, ताट घेऊन कोपऱ्यात बसले, आणि एवढंच म्हणाले, “बाथरूमची काच तडकलीय.”

“बघतो, दादा,” काचवाला म्हणाला. त्या ‘दादा’वर वडिलांनी हरकत घेतली नाही.

आत्या निवृत्त झाली, तसं तिने आजोबांच्या फिरतीची जुनी वही काढली. सात गावं होती. “आणखी कुणी असेल तर?” म्हणत ती आणि काचवाला बसने निघाले. प्रत्येक गावी लोकांचे हात बघत हिंडले. एका ठिकाणी तर बाजारातल्या लोकांना ते खिसेकापू वाटले. वाटेत कडाकडा भांडलेही, जन्मापासून एका घरात वाढल्यासारखे. ठिपके कुणाच्याच हातांवर सापडले नाहीत. शेवटच्या गावात मात्र पंपांचा एक म्हातारा दुकानदार भेटला. त्याला आजोबा चांगलेच आठवत होते.

परत आल्यावर आत्याने आजीला सांगितलं, “तो म्हणाला, माणूस गोड होता. फक्त पत्त्यांत लबाडी करायचा. पानं बाहीत लपवायचा.”

आजी ताडकन उठून बसली.

“पत्त्यांत?” तिचा आवाज चिरकला. “अरे मेल्या! तीस वर्षं हरले मी त्याच्याशी!”