वामनरावांचा ताजा शब्द

अकोल्याच्या कापूसबाजारातले दुभाषी वामनराव म्हणजे इंग्रजी शब्दांचे हावरट. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि त्यामागोमाग आलेल्या गोऱ्या खरेदीदाराकडे यांची वर्णी लागलेली. साहेबाची जुनी वर्तमानपत्रं मागून आणायची आणि अवघड तेवढे शब्द वहीत उतरवायचे. साधे शब्द काय, साहेबाचा खानसामाही बोलतो! सकाळी पाठ केलेला शब्द दिवस मावळायच्या आत साहेबापुढे वापरायचाच, हा त्यांचा नेम. साहेब हसून मान डोलवायचा आणि यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या दिवशीचा शब्द होता 'अडल्टरेशन', म्हणजे भेसळ.

भर दुपारी तेल्हाऱ्याच्या चंद्रभानची गाडी लागली. साहेबाने वरच्या कापसात हात घातला, तो ओला, चिकट निघाला. वजन वाढवायला पाणी मारणारे चोर तेव्हा होतेच. "हे काय?" साहेबाने विचारलं. चंद्रभानला विचारून घ्यावं, एवढाही धीर वामनरावांना निघाला नाही. जिभेवर नाचणारा शब्द सुटला.

चाबूक कडाडला. दुसऱ्याच फटक्याला चंद्रभानच्या अंगातली बंडी फाटून पाठीचं कातडं निघालं.

"दहीभात हाय तो, पंत!" चंद्रभान ओरडला. "पयल्या येचनीवर बायकोनं शिंपडला! सांगा त्याले!"

पहिल्या वेचणीच्या कापसावर पूजेचा दहीभात शिंपडतात, हे वामनरावांना ठाऊक नव्हतं होय? जन्म वऱ्हाडात गेला होता! पण सांगायचं म्हणजे साहेबासमोर आपलाच शब्द गिळायचा. मेल्याची जीभ तेव्हाच झडली असती तर बरं. माणूस मार खात होता आणि हे साहेबापुढे शोभेलसं इंग्रजी वाक्य जुळवत उभे होते.

पाचव्या फटक्याला चंद्रभानने तोंड फिरवलं आणि चाबकाचं टोक डोळ्यात शिरलं. कापसावर रक्ताची धार लागली. तेव्हा कुठे वामनराव बोलले. साहेबाने ऐकून घेतलं, चाबूक पुसला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

चंद्रभानची बायको पार्बताबाई गाडीमागून धावत आली. नवऱ्याच्या डोळ्यावर पदर दाबत ती म्हणाली, "तुमाले त्याची भाषा येते ना जी? मंग माह्या माणसाचा डोळा फुटेस्तोवर काहून थांबले?"

तेवढ्यात पुढच्या गाडीपाशी साहेबाने हाक मारली, आणि वामनराव गेले.